षटकाराच्या टाळ्या

मी 'जिवंत घोरपड' बोलतोय. घाबरू नका आणि वनखात्याला फोनही करू नका. मला शेपूट नाही, नखं नाहीत. मी एक अल्बम आहे. पुण्याच्या 'घोरपड' नावाच्या मराठी रॉक बँडने लोकांसमोर वाजवलं, ते रेकॉर्ड झालं आणि मी जन्मलो. माझ्या वेष्टनावर ठळक अक्षरांत छापलंय, 'जसं वाजलं, तसं!' हे छापताना यंत्र बंद कसं पडलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

नाव घोरपड का? तर एकदा स्टेजला चिकटले की सुटत नाहीत म्हणून. हे त्यांचं स्वतःचं स्पष्टीकरण. ऐकणारे वेगळं सांगतात.

खरं म्हणजे मी बेळगावात जन्मायचा होतो. बँड दौऱ्यावर होता आणि बेळगावचा कार्यक्रम रेकॉर्ड करायचं ठरलं होतं, पण तिथे वीज गेली. मग हुबळी ठरलं, तर तिथे गायकाचा घसा गेला. राहता राहिलं बंगळुरू. तेव्हा कोरमंगलातला एक क्लब ही माझी जन्मभूमी निव्वळ नाइलाजाने ठरली. मुहूर्तही असाच. रॉक म्हटलं की लोकांना मध्यरात्र आठवते, पण त्या दिवशी क्रिकेटचा मोठा सामना होता आणि क्लबच्या मॅनेजरला तो बारमधल्या पडद्यावर दाखवायचा होता. सामन्याला गिऱ्हाईक येतं, मराठी रॉकला येत नाही. म्हणून घोरपडीने उजेडातच आटोपून घ्यावं असं ठरलं.

आता माणसांची ओळख करून देतो. फार नाहीत. गाणारा मकरंद. ड्रम्स बडवणारा यशोवर्धन. आवाजाचं आणि रेकॉर्डिंगचं सगळं बघणारी वेदिका, जिच्याशिवाय मी जन्मलोच नसतो. शिवाय दोन गिटारवाले होते. त्या दोघांना एकमेकांपेक्षा मोठ्यांदा वाजवायचं होतं, याहून त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मकरंद मूळचा बंगळुरूचाच, राजाजीनगरचा. वडील दामोदर, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनीअर. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणतात. आई विद्या. मकरंद शिकायला पुण्याला गेला, आयटीत चिकटला, आणि काही वर्षांनी नोकरी सोडून गायला लागला. ही बातमी द्यायला तो राजाजीनगरला आला तेव्हा अण्णा पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता त्यांनी विचारलं, "पोटाचं काय?" मकरंद काहीतरी तडकून बोलला. अण्णा म्हणाले, "सरी, बरं. जाताना दार ओढून घे."

झालं. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं विद्याबाईंमार्फत सुरू झालं. "त्याला सांग, गाडी हळू चालव म्हणावं." "त्यांना सांग, माझ्याकडे गाडीच नाही." एका खोलीत बसूनसुद्धा हाच प्रकार. मकरंदने त्या दारावर एक गाणंही करून टाकलं, 'दार ओढून घे'. बँडचं सगळ्यात चांगलं गाणं तेच आहे. कलावंतांना बापाचा असा उपयोग होतो.

तर बंगळुरूचा कार्यक्रम ठरल्यावर मकरंदने आईकडे दोन पास पाठवले. "अण्णांना म्हणावं, एकदा येऊन ऐका. शेवटपर्यंत ऐका. मग काय बोलायचं ते बोला." त्याला दुसरं काही नको होतं. अण्णांनी उत्तर पाठवलं, "मला वेळ नाही." निवृत्त माणसाला वेळ नसतो, हे सगळ्यांनाच माहीत आहे.

रविवारी संध्याकाळी मकरंदने पडद्याआडून बाहेर पाहिलं. तिकीट काढून आलेली माणसं एका रिक्षात मावली असती. चेहरा पाहण्यासारखा झाला होता त्याचा. तेवढ्यात दार उघडलं आणि रेशमी साड्या, स्वेटर, कानटोप्या, गुडघ्यांचे पट्टे असा एक जथाच आत शिरला. सगळ्यांच्या पुढे अण्णा, मागे विद्याबाई.

हे राजाजीनगरचं मराठी मित्रमंडळ. संक्रांतीचा तिळगूळ आणि कोजागिरीचं दूध यांसाठी एकत्र येणारं. अण्णांनी त्यांना छोटी बस करून आणलं होतं. मला हे कसं कळलं? हॉलमध्ये अगदी मागे, दारापाशी, वेदिकाने एक माइक उभा केला होता. प्रेक्षकांचा आवाज टिपायला तो एकच. तोच माझा कान.

"दामोदरराव, भावगीतं म्हणालात ना तुम्ही?" मंडळाच्या अध्यक्षा कौशल्याबाई विचारत होत्या. "मग हे एवढे ढोल कशाला मांडलेत?"

"साथीला असतील. स्वल्प धीर धरा हो," अण्णा म्हणाले.

म्हणजे बघा, आयुष्यभर सचोटीने नोकरी केलेला माणूस. पण मुलाचा हॉल रिकामा राहू नये म्हणून अख्ख्या मंडळाला धादांत खोटं सांगून घेऊन आला होता. आणि मुलाला यातलं काही कळू देणार नव्हता.

दारावरच्या पोराने मनगटावर शिक्का मारायला हात मागितला, तर कौशल्याबाईंनी हळदीकुंकवाला करतात तसा हात पुढे केला. मग खुर्च्यांवरून वाद झाला. क्लबात उभं राहून ऐकतात, हे मंडळाच्या पचनी पडेना. मॅनेजरने बिचाऱ्याने कुठून कुठून खुर्च्या जमवल्या आणि माझ्या जन्मसोहळ्याला लग्नाच्या हॉलची कळा आली.

पहिलं गाणं सुरू झालं. गिटारचा पहिला फटका बसताच पुढची रांग एकसाथ मागे झुकली. कौशल्याबाईंनी पर्समधून कापूस काढून दोन्ही कानांत घातला आणि उरलेला शेजारी वाटला. दोनतीन जण उठून दाराकडे निघाले. त्यांच्यामागोमाग अण्णाही उठले.

मकरंदने ते पाहिलं. पहिल्याच गाण्यात वडील उठले आणि चालू लागले. पुढचं त्याला दिसलं नाही, कारण स्टेजवरच्या माणसाच्या डोळ्यांवर दिवे असतात आणि पहिल्या रांगेपलीकडे सगळा अंधार असतो. दुसऱ्या कडव्यात त्याचा आवाज फाटला. रेकॉर्डिंगमध्ये होतं ते फाटणं. आता नाही.

अण्णा कुठे गेले होते? दारापाशी. तिथे खुर्ची टाकून माझ्या माइकशेजारी बसले, आणि उठून येणाऱ्या प्रत्येकाला अडवायला लागले.

"अहो बसा की. आत्ता तर सुरू झालंय."

"कान गेले हो माझे, दामोदरराव."

"पुढचं सावकाश आहे. मी ऐकलंय."

"तुम्ही? कधी?"

"फोनवर असतात ना सगळी. सकाळी फिरायला जातो तेव्हा ऐकतो. बसा. नंतर डोसा माझ्याकडून सगळ्यांना."

डोशाच्या नावावर माणसं परत जागेवर जात होती. प्रत्येक गाण्याला हा खेळ. स्टेजवर मुलगा जीव तोडून गात होता आणि दारात बाप जीव तोडून माणसं धरून ठेवत होता. दोघांना एकमेकांचं काम दिसत नव्हतं. मला तेवढं दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

तिसऱ्या गाण्यानंतर जे घडलं, ते जगातल्या कुठल्याही रॉकच्या कार्यक्रमात घडलं नसेल. कौशल्याबाई शाल, नारळ आणि मैसूर पेटा, म्हणजे तिकडची जरीची पगडी, घेऊन स्टेजवर चढल्या. मराठी माणूस कलावंताचं गाणं एक वेळ ऐकणार नाही, पण सत्कार केल्याशिवाय त्याला सोडणार नाही. त्यांनी मकरंदच्या हातातला माइक काढून घेतला. "आपल्या राजाजीनगरचा सुपुत्र," वगैरे सुरू झालं. मॅनेजरला वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, त्याने गुलाबी दिवे लावले. बारमधली पोरं शिट्ट्या मारायला लागली. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला आणि पेटा डोक्यावरून घसरून थेट डोळ्यांवर आला. मकरंदला वाटलं, हे सगळं अण्णांनी आपली फजिती करायला घडवून आणलं आणि स्वतः निघून गेले.

मागच्या माइकमध्ये अण्णा पुटपुटले, "चामराजपेटच्या दुकानात पेट्यासाठी माझ्या डोक्याचं माप दिलं होतं. बारीक झालाय तो."

ठरल्यापेक्षा उशीर झाला. बारमध्ये सामना सुरू झाला तरी एक गाणं राहिलं होतं. मॅनेजर स्टेजच्या कडेला येऊन, लवकर आटपा म्हणून हात जोडत होता, "सार्, मॅच सार्! स्वल्प जल्दी मुगिसी!" शेवटचं गाणं होतं 'दार ओढून घे'. त्याला ड्रम्स जवळजवळ नाहीतच. मकरंद एकटाच गायला. मंडळाला पहिल्यांदा शब्द ऐकू आले. कौशल्याबाईंनी एका कानातला कापूस काढला.

ते गाणं चालू असताना मागच्या माइकमध्ये अण्णांचा एक शब्द नाही. नुसता श्वास आहे. गाणं संपलं आणि पाठोपाठ अण्णा ओरडले, "वन्स मोअर!" तरुणपणी संगीत नाटकांना मागच्या रांगेतून ओरडत असतील, तसं. पोटातून.

आणि नेमक्या त्याच क्षणी कुणीतरी षटकार मारला. बारमध्ये असा जल्लोष झाला की भिंती हादरल्या. पेले आपटले, शिट्ट्या, आरोळ्या. अण्णांचा वन्स मोअर त्यात बुडून गेला. मकरंदला वाटलं हे सगळं आपल्यासाठीच. तो कमरेत वाकला. वाकून वर येईपर्यंत मॅनेजरने स्टेजचा आवाज बंद करून टाकला होता.

अण्णा मंडळाला घेऊन डोसा खायला गेले. शब्दाचे पक्के. विद्याबाई क्षणभर मागे राहिल्या आणि मुलाला म्हणाल्या, "अण्णा शेवटपर्यंत होते रे."

"आई, माझ्या डोळ्यांनी पाहिलं उठून जाताना. तू नेहमी त्यांच्यावर पांघरूण घालतेस."

हे बोलणं दारापाशीच झालं आणि वेदिकाने मागचा माइक अजून काढला नव्हता, म्हणून हे शेवटचं वाक्यही माझ्यात आलं.

मग मला पुण्याला नेलं आणि माझ्यावर संस्कार सुरू झाले. पहिल्यांदा गिटारवाले आले. आपण किती चुकलो ते ऐकून त्यांनी आपापला भाग पुन्हा वाजवला. मग यशोवर्धन म्हणाला, क्लबचा ड्रम खराब होता. त्याचे ठोके कॉम्प्युटरने सरळ रेषेत बसवले. मग मकरंदने सगळी गाणी एसी खोलीत, गरम पाणी पीत, नव्याने गायली. जिवंत अल्बम तयार करायची ही रीत आहे. आधी अंगातला सगळा जीव काढून घ्यायचा.

शेवटी वेदिकाने मागचा माइक लावला. ड्रम्सच्या गदारोळाखाली कुजबुज ऐकू आली. मकरंदने क्षणभर कान दिला आणि वैतागला.

"हा कोण म्हातारा सारखा बडबडतोय? काढून टाक त्याला."

"सगळाच काढू? मग प्रेक्षक म्हणून काही उरणारच नाही," वेदिका म्हणाली.

"शेवटचा तो जल्लोष आहे ना, तेवढा ठेव. तोच प्रत्येक गाण्यामागे चिकटव."

वेदिकाने हेडफोन काढले. "मकरंद, तो षटकाराचा आहे."

"ऐकणाऱ्याला काय कळतंय?"

तसंच झालं. सत्कार गेला, कौशल्याबाई गेल्या, डोसा गेला. आठही गाण्यांच्या शेवटी तो एकच जल्लोष कापून जोडला. त्या जल्लोषाच्या पोटात काय दडलंय, ते कुणी तपासलं नाही. एका म्हाताऱ्याला हाकलून द्यायला निघाले आणि त्याला प्रत्येक गाण्यामागे नेऊन बसवलं. मला हसायची सोय असती तर तिथेच सीडी तडकली असती.

मी बाजारात आलो. इंटरनेटवरच्या जाणकारांनी लिहिलं, 'काय ती ऊर्जा! बंगळुरूने घोरपडीला डोक्यावर घेतलं.' एकाने लिहिलं की एवढे जातिवंत श्रोते फक्त दक्षिणेतच मिळतात. कहर म्हणजे ते वाचून वाचून मकरंदचाही विश्वास बसला. गप्पांमध्ये तो "त्या रात्रीची गर्दी" म्हणायला लागला. ती ना रात्र होती, ना गर्दी. आणि मी? लोक मला रिक्षात, भांडी घासताना, जिमच्या पट्ट्यावर धावताना ऐकतात. गाणं संपलं की टाळ्या ऐकायला कुणी थांबत नाही, पुढचं लावतात. एवढ्या मेहनतीने चिकटवलेल्या टाळ्या, आणि बोट फिरवून उडवतात.

दसऱ्याला आईच्या आग्रहावरून मकरंद राजाजीनगरला गेला. बरोबर माझी एक सीडी होती. अण्णांकडे त्यांनी स्वतः जोडलेले, कपाटाएवढे दोन स्पीकर आहेत. विद्याबाईंनी मला त्या यंत्रात सरकवलं आणि मटार सोलायला बसल्या. अण्णा पेपरमागे होते. मकरंद मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता, पण काहीच वाचत नव्हता. त्याच्या अंगठ्याची हालचालही थांबली होती.

पहिलं गाणं संपलं. जल्लोष झाला. फोनच्या चिमुकल्या तोंडातून जे कधीच बाहेर आलं नव्हतं, ते त्या स्पीकरमधून आलं.

विद्याबाईंचा हात थांबला. "अहो, हा तुमचा आवाज."

"काहीतरीच," पेपरमागून उत्तर आलं.

"मी ओळखत नाही होय? वन्स मोअर म्हणताय चांगले."

"त्याला सांग, दुसऱ्या कुणाचा असेल. मी तर उठून गेलो होतो ना?"

मकरंदने मान वर केली. दुसरं गाणं संपलं. जल्लोष, आणि त्याच्या तळाशी तोच खरखरीत आवाज, 'वन्स मोअर!' मकरंदने उठून आवाज वाढवला. तिसरं संपलं. 'वन्स मोअर!' आता शंकेला जागाच नव्हती. विद्याबाई हसायला लागल्या. "अगंबाई! घरी चहाला कधी बरा म्हणाला नाहीत, आणि तिथे गाण्यागाण्याला वन्स मोअर?"

अण्णांनी पेपर खाडकन खाली घेतला. इंजिनीअरला सगळं चालतं, चुकीची नोंद चालत नाही.

"मी एकदाच ओरडलो होतो!" ते म्हणाले. "शेवटच्या गाण्याला. एकदाच. हे बाकीचे कुठून आले?"

चौथं गाणं सुरू झालं होतं, मकरंदने मला थांबवलं. दोघेही एकदम पकडले गेले होते, बाप आणि मुलगा, आणि पकडणारा मी. माझ्या आयुष्यातलं एवढं एकच काम मी मनासारखं केलं.

"बाकीचे मी चिकटवले, अण्णा," मकरंद म्हणाला. विद्याबाईंकडे न बघता म्हणाला. "गर्दी नव्हती म्हणून. तो आरडाओरडा गाण्याचा नव्हताच. षटकाराचा होता."

"ते मला ठाऊक आहे," अण्णा म्हणाले. "मी तिथेच होतो."

मकरंदने डोळे पुसले, आणि पुसले हे लपवलंही नाही. अण्णांनी पेपरची घडी घातली, मग ती मोडली, मग पुन्हा घातली.

"वन्स मोअर दिला होता मी. तू काही परत म्हटलं नाहीस."

"मॅनेजरने आवाज बंद केला."

"इथे कुठाय मॅनेजर? विद्या, त्याला सांग..."

"मी नाही सांगणार," विद्याबाई म्हणाल्या. "तो समोर बसलाय. तुमचं तुम्ही सांगा." आणि त्या मटार घेऊन आत निघून गेल्या. दाराआड उभ्या राहिल्या, ते वेगळं.

मग मकरंद गायला. गिटार नाही, दिवे नाहीत, जमिनीवर मांडी घालून. 'दार ओढून घे'. दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला. पहिल्या गाण्यात त्या संध्याकाळी फाटला होता, अगदी तसा. तो थांबला नाही. अण्णा पेपरच्या घडीने गुडघ्यावर ठेका धरून होते. गाणं संपल्यावर ते म्हणाले, "मध्ये लय पळते तुझी." पण ते विद्याबाईंना नाही, त्याला म्हणाले.

मी तेव्हा यंत्राच्या खणात बंद पडून होतो. वेष्टनावर 'जिवंत' लिहिलेला मी, आणि जिवंत गाणं माझ्याशेजारी होऊन गेलं. त्याचं रेकॉर्डिंग कुणी केलं नाही. बरंच झालं, नाहीतर पुण्याला नेऊन सुधारलं असतं.

वेदिकाने नंतर विचारलं, तो म्हातारा आता सगळीकडून काढायचा का? मकरंदने नको म्हणून सांगितलं. तेव्हा तो अजून माझ्यात आहे, आणि मी त्या कपाटाएवढ्या स्पीकरांशेजारी, जुन्या भावगीतांच्या चळतीवर पडून आहे. माझ्यावर थोडी धूळ आहे, तक्रार नाही.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कधी मला ऐकलंत, तर गाणं संपल्यासंपल्या पुढचं लावू नका. आवाज थोडा वाढवा. तो जल्लोष खोटा आहे, तो सोडून द्या. त्याच्या तळाशी एक म्हातारा काहीतरी मागतोय. तो आठ वेळा ऐकू आला, तरी त्याने एकदाच मागितलं होतं, हे तेवढं ध्यानात असू द्या.